तुरटीबाई मास्तर पारखतात

कापड रंगवण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे तुरटीबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. तुरटी जिभेला लागली तर तोंड आखडतं, पण गढूळ पाण्यात फिरवली तर गाळ खाली बसतो. आईबापांनी ठेवलेल्या नावात एवढा अर्थ नव्हता, असं त्यांचं मत.

त्यांचं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक बोटभर चिंधी पाठवायचं आणि म्हणायचं, असाच रंग हजार मीटरवर पाहिजे. मग कारखान्याच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली, तुरटीबाई काचेच्या बरण्यांतून तो रंग शोधून काढायच्या. चिंधी उजेडात धरून त्या म्हणायच्या, "हा निळा नाही, निळ्याचा मेहुणा आहे." आणि खरंच त्यात थोडा हिरवा निघायचा. लग्न त्यांनी केलं नाही. जी दोन स्थळं आली होती, त्यांतल्या एकाला आकाशी आणि मोरपिशी यांतला फरक कळला नव्हता.

माणसं त्यांना फारशी पसंत पडत नसत. धाकटा भाऊ तर मुळीच नाही. हा भाऊ विमा कचेरीत कामाला होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं, वापरून न पाहिलेलं, कोरं करकरीत. दीड वर्षापूर्वी त्याने पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढलं. "शाळा मुलांचं कुतूहल मारते, ताई," असं तो म्हणाला होता. खरं कारण वेगळं होतं. मुलीने वर्गात एक प्रश्न विचारला, शिक्षक हसले, मग वर्ग हसला. त्यानंतर ती महिनाभर गप्प बसली आणि मग शाळेत जाईनाशीच झाली. पण कुतूहल म्हटलं की चारचौघांत जरा बरं दिसतं.

"चप्पल चावली म्हणून पाय कापणाऱ्यातला तू," असं तुरटीबाईंनी तेव्हाच सुनावलं होतं.

गणित मुलीची आई शिकवायची. ती घरांचे नकाशे काढायची, त्यामुळे आकडे तिच्या हातातले होते. भाषा आणि इतिहास बापाकडे. रसायनही बापानेच घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात "अणू म्हणजे एक प्रकारची ऊर्जाच" असं काहीतरी बोलून गाडी चिखलात घातली. मग एका रविवारी तो बहिणीकडे आला.

"ताई, ऑनलाइन कोर्स निवडायचाय रसायनाचा. तू त्यातली आहेस."

"मी रंगातली आहे. कोर्स म्हणजे काय असतं ते तूच बघ. तुला सगळं येतं ना?"

"तसा मी एक बघितलाय. फार नावाजलेला आहे. तू फक्त एकदा डोळ्यांखालून घाल."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला अखेर खाली उतरावं लागलं, याचा तुरटीबाईंना एवढा आनंद झाला की त्या हो म्हणाल्या.

भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. भाची एका खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली, आत्या शेजारी. नावाजलेल्या कोर्सात रेणूंना डोळे होते. ते हात धरून नाचायचे आणि बंध तुटला की रडायचे. पाच मिनिटं तुरटीबाईंनी ते पाहिलं.

"हे कुणासाठी आहे? रेणूंच्या बालवाडीसाठी?"

भाची खुदकन हसली. मग पडद्यावरची प्रयोगशाळा उघडली. बोटाने बाटली ओढायची, चंबूत ओतायची. भाचीने तीव्र गंधकाम्लाचा चंबू घेतला आणि वरून पाणी ओतलं. पडद्यावर चांदण्या उडाल्या, टाळ्या वाजल्या आणि अक्षरं उमटली: शाब्बास!

तुरटीबाई खुर्चीवरून उठल्या. "आम्लात पाणी? आमच्याकडे एकाने ओतलं होतं. मुकादमाच्या भुवया गेल्या. परत आल्या, पण वेगवेगळ्या उंचीवर. आम्ल पाण्यात घालायचं, थोडं थोडं, ढवळत. पाणी आम्लात कधी नाही. आणि हे मेले टाळ्या वाजवतायत!"

तेवढ्यात भावाचा फोन वाजला आणि तो तुरटीबाईंनीच उचलला. कोर्सचा सल्लागार. आवाज असा, की जणू पाकात बुडवून काढलाय.

"मॅम, आमच्या कोर्समध्ये ऐंशी प्रयोग आहेत, आणि मुलांना एकाही वस्तूला हात लावावा लागत नाही!"

"पोहायलाही असंच शिकवता का? अंग ओलं न करता?"

"हा हा, मॅम फार विनोदी आहेत. मग आजच वर्षाचे पैसे भरून टाकूया?"

"आधी तुमच्या त्या आम्लाचं बघा. पैसे नंतर भरू, पोरीच्या भुवया जागेवर राहिल्या तर."

भावाने कपाळाला हात लावला. नाव त्याने आदल्याच दिवशी नोंदवून ठेवलं होतं, ते तुरटीबाईंनी त्याच्याच हातून रद्द करवून घेतलं.

आता त्यांना या कामाची गोडी लागली. दुसऱ्याला तुच्छ लेखायला इतकी सोयीची जागा त्यांना कधी मिळाली नव्हती. संध्याकाळी कारखान्यातून सुटल्या की त्या थेट भावाकडे यायच्या. एका कोर्सातली बाई पडद्यावरचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवायची. "आम्हाला डोळे आहेत म्हणावं." एका कोर्सात विषयापेक्षा शुभेच्छा जास्त होत्या. आणि सगळ्यांची परीक्षा घ्यायला तुरटीबाईंनी एक प्रश्न काढला. सुती कापड रंगवताना पाण्यात मीठ का घालतात? ज्याला हे येईल तो मास्तर, बाकी सगळे बाजारबुणगे.

मग आले डरकाळी सर. हे नाव तुरटीबाईंनीच ठेवलं. या सरांच्या थेट वर्गाला एका वेळी तीनशे मुलं बसायची आणि सर पहिल्या वाक्यापासून ओरडत शिकवायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून आत्याने भाचीला कोपराने ढोसलं. "विचार त्याला आपला प्रश्न. लिही."

"नको ना, आत्या. सगळ्यांना दिसतं ते."

"दिसू दे की. त्याची पत कळेल. लिही."

भाचीने लिहिलं. सरांनी प्रश्न मोठ्याने वाचला आणि तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "मिठाने रंग पक्का होतो! पुढे!"

"चूक!" तुरटीबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "पक्का सोड्याने होतो. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे हाकलतं. लिही त्याला. चूक आहे म्हणून लिही."

भाचीने घाबरत लिहिलं. सर थांबले. हसले. "बघा, आपल्यात एक धोबीण आलीये! बाळ, हे परीक्षेत येत नाही." आणि त्याखाली तीनशे मुलांची हसणारी तोंडं पडद्यावर भराभरा चढत गेली.

भाचीने लॅपटॉप मिटला. हळू मिटला, आवाज न करता.

"मूर्ख आहे तो," तुरटीबाई म्हणाल्या. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तू कशाला..."

"तुला त्याला हसायचं होतं. म्हणून तू मला पुढे केलंस," भाची म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तूही तसंच हसतेस, आत्या. रोज. बाबांना, त्या बाईला, सगळ्यांना." आणि ती आत निघून गेली.

भावजय नकाशावरून मान वर न करता म्हणाली, "ताई, चहा घेणार का?" त्या चहा न घेताच निघाल्या.

रस्त्यात त्यांनी डरकाळी सरांना मनातल्या मनात अनेक नावं ठेवली. एकही नीट बसेना. दुकानांच्या काचांतून त्यांना आपलंच तोंड दिसत होतं, एका कोपऱ्यात वर गेलेला ओठ, सव्वीस वर्षांत तसाच पडलेला. मूर्ख माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. पोरीचा हात धरून तिला परत त्याच खड्ड्यात ढकलणारी मूर्ख बाई मात्र आज प्रथमच पाहिली. आठवडाभर त्या भावाकडे फिरकल्या नाहीत. कारखान्यात त्यांनी एक करडा तीनदा चुकवला, आणि बोलायची कुणाची टाप नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी भाची कारखान्याच्या मागच्या खोलीत येऊन उभी राहिली. हातात वही.

"आत्या, लिटरला मीठ किती घालता?"

तुरटीबाईंनी चिंधी खाली ठेवली. "का?"

"एका मास्तरांनी विचारलंय."

भाचीने स्वतःच शोधून काढलेल्या मास्तरांतला हा तिसरा. त्याच्या कोर्सचं पान एवढं कळकट होतं की वडिलांनी पाहताक्षणीच बाद केलं होतं. वर्गात मुलं अकरा. मुलीने त्याला तोच प्रश्न पत्रातून, एकट्यालाच विचारला होता. दोन दिवसांनी उत्तर आलं होतं. तुरटीबाईंनी चष्मा लावून वाचलं: "कापड रंगवण्याचं मला माहीत नाही. अंदाज आहे, पण तो सांगत नाही. रंग कुठल्या जातीचा, मीठ लिटरला किती, एकदम घालतात की टप्प्याटप्प्याने, हे कळलं तर शोधता येईल. तुम्ही स्वतः करून पाहू शकाल का?"

"हं. येत नाही म्हणून कबूल तर करतो," त्या म्हणाल्या. मग पुन्हा वाचलं. एकदम की टप्प्याटप्प्याने. हे विचारायला डोकं लागतं. मीठ एकदम ओतलं की कापडावर डाग पडतात, हे नव्या कामगाराला शिकवायला त्यांना महिना लागायचा.

"लिटरला पन्नास ग्रॅम. तीन वेळा विभागून. चल, बरण्या घे."

दोघींनी अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन बरण्या कोमट पाण्याने भरल्या, दोन्हीत सारखाच निळा रंग आणि सारखीच सुती पट्टी. एकीत मीठ, एकीत नाही. सोडा शेवटी दोन्हीत सारखाच. भाचीने मीठ ओतताना घाई केली तेव्हा तुरटीबाईंच्या तोंडाशी काहीतरी आलं. त्यांनी ते गिळलं आणि नुसतं म्हणाल्या, "सावकाश." पट्ट्या धुतल्यावर एक गडद निघाली आणि तिचं पाणी निवळलेलं. दुसरी फिकट, आणि तिचा रंग पाण्यातच राहिलेला. भाचीने फोटो काढून पाठवले.

मास्तरांचं उत्तर लांबलचक आलं. पाण्यात सुताच्या अंगावर थोडा ऋण भार येतो, रंगाच्या कणांवरही ऋणच असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. मिठातले धन कण मध्ये शिरतात, भांडण मिटवतात आणि रंग कापडाला जाऊन भिडतो. खाली एक ओळ होती: "माझा पहिला अंदाज चुकीचा होता. बरं झालं सांगितला नाही."

तुरटीबाईंनी ती गडद पट्टी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. सव्वीस वर्षं त्यांनी पोत्यांनी मीठ घातलं होतं. काय होतं ते माहीत होतं. का होतं ते कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं तर समोरचा आपल्यापेक्षा शहाणा आहे असं मानावं लागलं असतं.

"रटाळ लिहितो," त्या शेवटी म्हणाल्या. "पण घे हाच."

भाऊ कुरकुरला. प्रमाणपत्राला सोनेरी कडा नाही, आणि शिकवणारा असा कोमट! तेव्हापासून तो कोमट मास्तर झाला. "कोमटच लागतं," तुरटीबाई म्हणाल्या. "उकळत्यात घातलं की रंग बिघडतो. तुला कळायचं नाही." एवढी सूट त्यांनी स्वतःला दिली.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी असायचा. मंगळवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा त्या भाचीच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने, स्टुलावर बसायच्या. मास्तरांच्या स्वेटरचं बटण नेहमी चुकीच्या काजात. त्यांचे प्रयोग तीनात एकदा फसायचे आणि मग ते का फसले यावरच तास संपायचा. तुरटीबाई तोंड वाकडं करून ऐकायच्या, पण ऐकायच्या. भाची चार महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. काही विचारायचं असेल तर लिहायची, तेही मास्तरांना एकट्याला.

एका मंगळवारी मास्तर आम्लाने सोड्याचं पाणी मोजून दाखवत होते. घाईत त्यांनी चंबू सोड्याच्याच पाण्याने विसळला.

"अरे, गाढवा," तुरटीबाई पुटपुटल्या. "चंबू साध्या पाण्याने. आता माप जास्त येणार."

भाचीने मागे वळून पाहिलं. आत्याने दोन्ही हात वर केले. मी नाही, मी काही सांगितलं नाही. लिही म्हटलं नाही. भाची पुन्हा पडद्याकडे वळली. मग तिने माइक सुरू केला.

"सर, चंबू... चंबू सोड्याने विसळला तर आत थोडा सोडा राहील ना? मग माप जास्त येईल."

मास्तरांनी चंबू उचलला, त्यात पाहिलं.

"बरोबर. चुकलो. फेकतो हे. कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या आत्याच्या," भाची म्हणाली. "पण का ते मला कळलं."

कुणी हसलं नाही.

वर्षअखेरीस तिने बाहेरून परीक्षा दिली. पहिला नंबर वगैरे काही आला नाही. रसायनात शंभरातले एकाहत्तर गुण मिळाले, आणि त्यात प्रयोगाचे जवळजवळ पैकीच्या पैकी. बापाने कचेरीत पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली आणि सगळं श्रेय कुतूहलाला दिलं. तुरटीबाईंनी कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. मुकादमानेच विचारलं, तेव्हा त्या बरणी उजेडात धरून म्हणाल्या, "बरी आहे पोर. तोंडी हिशेबात कच्ची आहे. पण विचारते."

"काय विचारते?"

"तुझ्यासारख्याला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. मग बरणी खाली ठेवून त्यांनी दुसरं स्टूल ओढलं. "बस. मीठ का घालतो, सांगते."