अनशापोटीची भुकटी

त्या बाईला मी दोरी लावून भरबाजारातून आणली, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी अकोल्याच्या ठाण्यावर जमादार होतो. शिक्षण दोन बुकं, पण माझ्या शब्दाबाहेर एक शिपाई नव्हता. अमेरिकेतल्या लढाईने कापूस महागला होता. मोर्णा नदीकाठचा एक माळी भाजीचा मळा बायकोवर टाकून अमरावतीला कापसाच्या गाड्या हाकू लागला आणि दोन महिन्यांत पिवळा पडला. त्याच्या आईने ठाण्यात खबर दिली, सून विष घालून राहिली. सरकारी डॉक्टरही म्हणाला, यकृत सुजलंय, पोटात काही वाईट गेलंय. मी सुनेला कोठडीत टाकलं.

चार दिवस विचारलं. तिचं एकच, जे त्याने खाल्लं तेच मी खाल्लं. मला वाटलं, निगरगट्ट बाई आहे. पाचव्या दिवशी कळलं, माळ्याचं दुखणं जास्तच झालं. बाई माझ्या कुलपात, मग घालतं कोण?

त्याच सकाळी माळ्याच्या घरी गेलो. म्हातारीला विचारलं, पोराने आज काय खाल्लं? म्हणाली, काहीच नाही. आणि बोलता बोलता वाटीत मधात भुकटी कालवत होती.

"हे काय?"

"हे त औषध हाय, जमादारसाहेब. रोज अनशापोटी देतो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी खाणं विचारलं. औषध का खाण्यात येते?"

गाडी हाकायला बळ यावं म्हणून अमरावतीच्या एका वैदूने दिलेला झाडपाला. माळी पिवळा पडला तर हाच वैदू म्हणाला, अंगातली घाण निघून राहिली, दुप्पट घ्या! धरून आणला तर पान चघळत मलाच विचारतो, झाडपाल्यानं का कोणाचं वाईट होते? वरच्या साहेबांनी समज देऊन सोडला. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. भुकटी बंद करताच महिन्याभरात माळ्याचे डोळे निवळले.

भुकटी सापडली त्याच दिवशी मी कोठडी उघडली. बाई उठेना.

"तुमी मले बाजारादेखत आणलं. आता बाजारादेखत नेऊन सोडा, अन् काहून सोडलं ते बी सांगा."

एक शिपाई हसला, त्याला बाहेर काढला. वर्दीनिशी तिच्यामागे चाललो. बाजारात आणि तिच्या सासूसमोर मोठ्याने सांगितलं, चूक माझी. नोकरीत अशी चारचौघांत कबुली मी पुन्हा कधी दिली नाही.

तेव्हापासून चौकशीत औषध, चाटण, अंगारा वेगळं विचारू लागलो. खाणं विचारलं की लोक भाकर सांगतात. एवढी गोष्ट मला कळायला पाच दिवस लागले, आणि ते त्या बाईने कोठडीत काढले.