सासुरवाडीच्या मोरीत जावई

बायकोला सातवा लागला तेव्हा मी अमरावतीत बसून एक पत्रक लिहिलं. मथळा: 'पहिलं बाळंतपण माहेरीच का?' मूल दोघांचं, मग खस्ता एकट्या तिच्या आईनं का खायच्या? बाप काय फक्त पेढे वाटायला असतो? पत्रकं मी कॉलेजपासून लिहितोय. वसतिगृहाच्या पाणचट वरणावरसुद्धा लिहिलंय. या वेळी विषय घरचा, म्हणून उद्गारचिन्हं जरा जास्त पडली.

बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती दह्यातला गिलावडा खात होती. चौथ्या मुद्द्याला म्हणाली, "मस्त लिवलं. पण मले जायचं हाय अकोल्याले."

"काहून?"

"माय हाय तिथं. तू मले इचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. पाचवा मुद्दा स्त्रीच्या निर्णयाच्या हक्काचा होता. तो मी वाचलाच नाही.

ती गेली, आणि दर शनिवारी मी अकोल्याला जाऊ लागलो. तिचे सुजलेले पाय दाबावे, आणि कळा सुरू होतील तेव्हा तिच्याजवळ असावं, एवढीच माझी मागणी. पण त्या घरात मी होणारा बाप नव्हतोच. मी जावई होतो! आमच्या वऱ्हाडात जावई म्हणजे पाण्याचा रिकामा ग्लाससुद्धा जागचा न हलवणारा प्राणी. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की सासूबाई पुरणाची डाळ शिजत टाकत. बायकोच्या पायाला हात लावला रे लावला की आतून हाक यायची, "जवाईबापू, गरम पोळी होऊन राहिली, बसा!" मी पाटावर, आणि आठ महिन्यांची गरोदर बायको पोटाला हात लावून मला तूप वाढतेय. कुणी याचा फोटो काढला असता तर मी स्वतःविरुद्ध मोर्चा नेला असता.

तिसऱ्या शनिवारी तिनं सुनावलंच. "तू नको येत जाऊ आता. तू आला का माय गॅसपुढून हलत नाही, आन मले तुले वाढा लागते. बाळंतपण माहं हाय का तुहं?"

"आन कळा आल्यावर?"

"तवा त नकोच येऊ. माय मले पाहीन का तुले?"

हे लागलं. भांडायला तोंड उघडलं, पण समोर अंगणातल्या मोरीत खरकटी भांडी दिसली. सगळी माझ्या पाहुणचाराची. बाह्या वर सारल्या आणि बसलो घासायला.

"अवो जवाईबापू! काय करून राहिले? उठा!" सासूबाई धावल्या. "शेजारीण पाहून राहिली!"

"पाहू द्या ना."

शेजारीण पाहतच होती. भिंतीवरून म्हणाली, "काहो, जवायाले कामाले लावलं का?"

सासूबाईंचं तोंड उतरलं. त्यांची अब्रू माझ्या हातात, राखेनं माखलेली. बायको मात्र खाटेवर पोट धरून हसत होती, इतकी की सासूबाईंनाही हसू आवरेना. मग त्यांनी पातेलं उचलून उजेडात धरलं. "बूड तसंच हाय. घासा परत."

घासलं. एवढ्या खुशीनं मी आजवर कुणाचाच हुकूम मानला नव्हता.

नंतरच्या प्रत्येक शनिवारी मला भाकर, झुणका आणि धुण्याची बादली मिळाली. नववा भरला आणि एका मंगळवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला. "दवाखान्यात नेऊन राहिलो. या लवकर. आन जेवूनच निघा, इथं तुमाले वाढाले कोणी रिकामं नाही."

जेवत कोण बसतो! मी तसाच बस धरून पोचलो. दवाखान्यात बायकोनं माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो.

"भाषण नको देऊ," ती दातओठ खात म्हणाली. "उभा राय नुसता."

राहिलो.