नऊ नंबरच्या तारा

गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला घट्टे असायचेच. नसतील तर तो नुसता फोटोपुरता गिटारवाला. त्यामुळं माझी बोटं बधिर पडायला लागली तेव्हा मी घरात आणि आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत सगळ्यांना हेच सांगत सुटलो की घट्टे आहेत, दुसरं काय. अनामिका आणि करंगळी, ही दोन बोटं. आधी सकाळी मुंग्या यायच्या. नंतर मुंग्याही येईनात. मुंग्या यायच्या तोवर मी नुसता वैतागायचो, त्या थांबल्या आणि मला धडकी भरली.

धडकी उगाच भरली नव्हती. माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता. एकदा ते गारखेड्यातल्या आमच्या घरी चौकातून चालत आले, पायरीवर टेकले आणि आईकडं पाणी मागितलं. आईनं बघितलं तर एकाच पायात चप्पल. दुसरी चौकातच निघाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही सगळे हसलो, वडीलही हसले. पुढं त्याच पायाला जखम झाली, तीही त्यांना कळली नाही, आणि शेवटी पाय घोट्यापासून काढावा लागला. ते आमचं हसणं मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून मी रक्त तपासायला जात नव्हतो. बायको हात धुवून मागं लागली होती. मी तिच्यावर खेकसायचो, की दोष रक्ताचा नाही, तारांचा आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात मी तरुणपणापासून अकरा नंबरच्या जाड तारा लावत आलो. त्या दाबायला मनगटात दम लागतो. बारीक तारा लावणाऱ्यांना मी जन्मभर हिणवलं, काय शेवया लावल्यात का म्हणून. आणि आता मीच गुपचूप नऊ नंबरचा सेट आणला. बारीक तारा, कमी जोर, बोटांना आराम. आपोआप बरं वाटेल, असं मी स्वतःच्या गळी उतरवलं होतं.

आमच्या पार्टीत नव्या तारा खंडेनवमीलाच चढवायची रीत आहे. सगळी वाद्यं आमच्या पुढच्या खोलीत मांडतात, पूजा होते, आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. कीबोर्डवाला माझा जुना दोस्त, मूळचा सिल्लोडचा, मुसलमान. झेंडूची फुलं दरवर्षी तोच आणतो, आणि त्याचा कीबोर्डही पूजेत असतो. नऊ नंबरचं पाकीट बघून तो म्हणाला, उमर हो गई क्या भाई. मी म्हटलं, आजकाल फॅशन आहे.

तारा चढवून झाल्या आणि खुंट्यांपाशी उरलेली टोकं कापायला पक्कड शोधतो, तर बायकोनं तिला आधीच हळद-कुंकू लावून पूजेत ठेवलेली. आमच्याकडं कुंकू लागलं की हत्यार उचलायचं नाही, मग ती विळी असो की कात्री. मी टोकं तशीच दुमडली आणि खुंट्यांवर कुंकवाचं बोट लावलं. सकाळी उठून कापू म्हटलं. सकाळी आरती, सामान भरायची घाई, आणि पक्कड घरीच राहिली.

दसऱ्याला सिल्लोडला एका ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन होतं. मांडव, पेढे, छातीवर टाचणीनं लावलेले स्वागताचे बिल्ले. मी नवा कुर्ता घातला होता, पायात चपला. पहिलंच गाणं सुरू झालं आणि माझा सूर चढायला लागला. बारीक तार हलकी दाबायची असते, जास्त दाबली की सूर वर जातो, हे मला कळत नाही असं नाही. पण बोटाला तार लागल्याची खबरच मिळत नव्हती, म्हणून मी दाबत राहायचो. जाड तारांचा दाब हाडापर्यंत पोचायचा, त्यावर माझं भागत होतं. माझं दुखणं इतके दिवस त्या तारांनीच झाकून ठेवलं होतं. हे मला तिथं, वाजवता वाजवता समजलं आणि पाठीवरून घाम ओघळला. समोर लोक मजेत नाचत होते.

नव्या तारा ताणतात, म्हणून मी गाण्यागणिक डाव्या हातानं खुंट्या पिळत होतो. दोष तारांचाच आहे, असं मनाला बजावत होतो. बायकोनं म्हटलेलं एकेक वाक्य डोक्यात घुमत होतं. कीबोर्डवरून दोस्त सारखा माझ्याकडं बघत होता. पाहुण्यांची भाषणं सुरू झाली तसा तो उठून जवळ आला आणि खुंट्यांकडं बोट दाखवलं.

"हे काय लागलंय?"

"कालचं कुंकू," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

त्यानं बोट फिरवून बघितलं. "कुंकू ओलं कसं?"

तारांची न कापलेली टोकं माझ्या बोटांत घुसत होती. करंगळीला तर चांगलं भोक पडलं होतं. कुर्त्याच्या बाहीवर डाग होते. मला काही म्हणता काही जाणवलं नव्हतं.

त्यानं मला दंडाला धरून मांडवामागं नेलं. रुमालानं माझी बोटं पुसली, स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्याची टाचणी काढली. मी हसायचा प्रयत्न केला. तो हसला नाही.

"डोळे मिट," तो म्हणाला. "टोचलं की सांग."

मी डोळे मिटले. अंगठ्याला टोचलं, मी हां म्हटलं. पहिल्या बोटाला टोचलं, हां म्हटलं. मधल्या बोटाला काहीतरी लागल्यासारखं झालं, तरी हां म्हटलं. मग मी वाट बघत उभा राहिलो. मांडवात टाळ्या वाजल्या. कुणाचं तरी भाषण संपलं, दुसऱ्याचं सुरू झालं.

"लाव की आता," मी म्हणालो.

"कधीची लावलीय."

मी डोळे उघडले. टाचणी माझ्या करंगळीत सरळ उभी होती. पण मी तिच्याकडं बघत राहिलो नाही. मी आधी खाली बघितलं, दोन्ही पायांत चपला आहेत का ते.