परक्या सैनिकाची मेणबत्ती

बाबा गेल्याचं दादानं मला पत्रानं कळवलं, तेही तेरावं उरकल्यावर. 'तू अमेरिकेतून वेळेत पोचली नसतीसच,' असं वर लिहिलं होतं. शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही मेल्यानं! देवानं तरी हे कसं चालवून घेतलं? त्या दिवशी मी देव फडक्यात गुंडाळून कपाटात टाकले. चार वर्षं आमच्या पार्सिपनीच्या घरात दिवा लागला नाही.

मग एका शनिवारी सकाळी तार आली. दादा गेला होता. हे म्हणाले, "अगं, निदान दिवा तरी लाव. सख्खा भाऊ होता तुझा."

"सख्खा? तेरा दिवस लपवून ठेवलं तेव्हा कुठे गेला होता सख्खेपणा?" असं म्हणून मी कपड्यांची पिशवी उचलली आणि तडक लाँड्रोमॅट गाठलं.

तिथे मशीनसमोर बसले आणि एकदम हुंदका फुटला. माझी मलाच चीड आली. शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, पेरू देशातल्या ताकना गावच्या. काय झालं म्हणून त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं. भावासाठी दिवा लावणार नाही, हेही ठणकावून सांगितलं.

त्या आपल्या आजीबद्दल बोलू लागल्या. एकोणिसाव्या शतकात पेरूचं शेजारच्या चिलीशी युद्ध झालं. ताकनाबाहेरच्या माळावर मोठी लढाई झाली आणि आजोबा परतले नाहीत. आजी दिवसभर वाळूत प्रेतं उलटीपालटी करत फिरली. नवरा काही सापडला नाही. शेवटी ती चिलीच्या एका मेलेल्या सैनिकापाशी बसली, त्याला शिव्या घातल्या आणि हातांनी वाळू उकरून त्यालाच पुरलं. तेव्हापासून त्यांच्या घरी दरवर्षी दोन मेणबत्त्या लागतात, एक आजोबांची आणि एक त्याची.

"म्हणजे आजीनं माफ केलं त्याला?"

"छे! मरेपर्यंत शिव्या देत होती. मेणबत्ती लावताना तर जास्तच."

माझ्या चादरींच्या घड्या घालायला हात लावून त्या निघून गेल्या. पुढे कितीतरी शनिवार मी तिथे गेले, पण त्या पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांना कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही.

मन निवळल्याशिवाय देवापुढे उभं राहू नये, अशी माझी समजूत होती. त्यासाठी थांबले असते तर जन्म गेला असता. घरी आले, देव काढून लिंबानं घासले आणि जशी होते तशी, दातओठ खात, हात जोडले. त्यानं तेवढंही घेतलं, हे त्याचे उपकार.

निरांजन लावलं. म्हटलं, "दादा, माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण अंधारात नको रे जाऊस."