मर्व्हचं मशीन आणि प्लगची वायर

आमच्या मर्व्हसारखा हात अख्ख्या ग्रॅनव्हिलमध्ये कुणाचा नव्हता. हे मी सांगतो, लेस्टर टलक, त्याचा थोरला भाऊ. शाळा मी सहावीत सोडली, पण कारागीर बघितला की मला कळतो.

मर्व्ह रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. बावन्न साली त्यानं मागच्या शेडमध्ये गवत कापायचं मशीन बनवलं. जुन्या ढकलायच्या मशीनखाली उंच गवत नुसतं आडवं पडायचं. याची पाती जमिनीलगत गरगर फिरायची. इंजिन मोडक्या मोटरसायकलचं, टाकी म्हणजे जॅमचा डबा.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. दफनभूमीत गवत कमरेएवढं, तिची कबर शोधावी लागायची. मर्व्हला ते फार लागायचं. मशीन आत न्यायची परवानगी मिळावी, एवढंच त्याला हवं होतं. दफनभूमीचे म्हातारे विश्वस्त पॅस्को म्हणायचे, खडे उडून कबरींचे दगड फुटतील. मग मीच पबमध्ये सांगून टाकलं, शनिवारी माझा भाऊ जेवायच्या आत आईची सगळी ओळ साफ करून दाखवेल. पॅस्कोंनी बजावलं, एक टवका उडाला तरी मशीन कायमचं फाटकाबाहेर.

शनिवारी चाळीसेक माणसं आली. कुणीतरी म्हणालं, "लेस, आतल्यांना उठवू नका म्हणजे झालं." मशीन सुरू झालं. गवत सपासप पडत होतं. पण दव होतं. ओला चोथा पात्यांत अडकला, मशीन बंद पडलं. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची वायर काढल्याशिवाय मर्व्ह पात्याला कधी हात लावत नसे. मी ओरडलो, "अरे आटप, लोक बघतायत."

त्यानं तसाच हात घातला. पातं जरा फिरलं, गरम इंजिनानं एकच झटका दिला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

पॅस्को म्हणाले, न्या ते मशीन फाटकाबाहेर. मर्व्हनं हात शर्टात गुंडाळला होता. तो म्हणाला, "मिस्टर पॅस्को, दगडाला टवका उडालाय का, तेवढं बघून घ्या."

म्हातारा खरंच कापलेली सगळी ओळ फिरून आला. एकही टवका नव्हता. परवानगी मिळाली.

उरलेली दफनभूमी मर्व्हनं तीन बोटांच्या हातानं साफ केली. त्या दिवसाबद्दल मला तो कधी एका शब्दानं बोलला नाही. पण अजूनही मशीन अडकलं आणि मी जवळ असलो, की तो वायर काढतो आणि माझ्यापुढे धरतो. मी मान हलवेपर्यंत खाली वाकत नाही.