गिरणीतला नंबर

नव्वदच्या दशकात संगमनेरला मी दळण न्यायचे त्या गिरणीत दर बाजाराच्या दिवशी एक बाई एसटीनं बाजरीचा डबा घेऊन यायची. नाव मी कधी विचारलं नाही. डबा रांगेत ठेवून कोपऱ्यात बसायची. दळण झालं की गरम पिठात मनगटापर्यंत हात घालून उगाच थोडा वेळ तसाच ठेवायची.

"गावात गिरणी नाही?" मी एकदा विचारलं.

"हाय की. माझं दळत न्हाईत."

मग तिनं सांगितलं. तिच्या दिराला गावकऱ्यांनी चावडीपुढं बांधून मारलं होतं. साऱ्या बौद्धवस्तीनं पाहिलं, पण पेपरच्या बातमीदाराला स्वतःच्या नावानिशी सांगितलं ते हिनंच. मग गावानं तिला वाळीत टाकलं, आणि भीतीपोटी वस्तीनंही. दीरसुद्धा म्हणाला, मी झाडावरून पडलो.

"मीबी तसंच म्हनले, तर मग मारलंच न्हाई असं हुईल," ती म्हणाली.

त्या दिवशी गव्हाची दळणं लांबली. तिची एसटी चुकेल म्हणून मी तिचा डबा उचलून सगळ्यांच्या पुढं ठेवला. ती उठली आणि डबा परत माझ्या डब्यामागं नेऊन ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. हितं माझा नंबर लागतो. त्येच्यासाठीच तर येते."