मशीनला हार होता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमची गाडी घेऊन सुरतेत उधन्यातल्या एका टायरच्या गॅरेजात गेले. पुढचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते. गाडी जुनीच घेतलेली, पण तिची अलॉय चाकं म्हणजे वडिलांचा जीव. आयुष्यभर कापडाच्या लूमवर उभा राहिलेला हा माणूस रविवारी दात घासायच्या ब्रशने ती चाकं घासत बसतो.

फिटरने पहिल्या चाकावर नवा टायर चढवला आणि मला रिमच्या कडेला ओरखडा दिसला. बोटभर लांब, चांगलाच खोल.

"ए तो पहेलेथी ज हतुं, बेन," शेठ गल्ल्यावरूनच म्हणाला. उठलाही नाही.

आदल्या दिवशी पूजेच्या वेळी आईने प्रत्येक चाकावर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली होती. ओरखडा त्यातल्या दोन बोटांना कापत गेला होता आणि आत धातू चकचकत होता.

"शेठ, जरा इकडे या," मी त्याच्याच भाषेत म्हटलं. "कुंकू कालचं आहे. मग हे त्याच्या आधीचं कसं?"

शेठ आला, वाकला, बघितलं. आणि सरळ फिटरवर उखडला. "तारा पगारमांथी कापी लईश!" मग माझ्याकडे वळून गोड हसला. "बस, बेन? खुश?"

पगारातून कापणं. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील आणि त्यांचे सोबती ती काढायचे, मी घड्या घालायचे. कापडात खोट निघाली की मालक कारागिराचा पगार कापायचा, मग सूत कच्चं असो की लूम खिळखिळा. त्याच्याविरुद्ध ती पत्रकं. मी वाचायला शिकले तीच मुळी त्यांच्यावर.

"याच्या पगारातून एक पैसा कापायचा नाही," मी म्हणाले.

"तो कोना खिस्सामांथी? मारा?"

"हो. तुमच्याच."

फिटर आमच्या खानदेशातला निघाला. हात पुसत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. तू निंघी जाशी, माले आठेच ऱ्हानं शे."

त्याचं खरं होतं, मी निघून जाणार आणि त्याला तिथेच राहायचं. पण मी गप्प निघून गेले असते तरी त्याचा पगार कापला गेलाच असता.

मी टायर चढवायच्या मशीनकडे पाहिलं. तिचीही पूजा झालेली. झेंडूचा हार, कुंकू, अक्षता, सगळं होतं. फक्त रिमला पकडणाऱ्या पंजांवर ओरखडा पडू नये म्हणून प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या नव्हत्या. एकाही पंजावर नव्हत्या. उघडं लोखंड.

"शेठ, दुसरं चाक तुम्ही चढवा. याच मशीनवर."

"हुं?" स्वतःकडे बोट दाखवून शेठने बाह्या सरसावल्या. त्याने फिटर म्हणूनच सुरुवात केली होती, हे त्याने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. चाक उचललं, मशीनपाशी नेलं, आणि थांबला. गल्ल्याचा खण उघडून त्याने जुन्या ट्यूबचे चार तुकडे काढले, एकेका पंजावर नीट बसवले आणि मग चाक चढवलं. काम सफाईचं. कुठे रेघसुद्धा नाही.

"जोयुं?" तो छाती काढून म्हणाला.

"जोयुं, बघितलं. आता एवढंच सांगा, हे तुकडे तुमच्या खणात कशाला? याला का नाही दिले?"

पंक्चरसाठी खोळंबलेला रिक्षावाला खो खो हसला. "शेठ, पकडे गये!"

शेठ लाल झाला. मग नाइलाजाने त्यालाही हसू आलं. रिम तो स्वतःच्या खर्चाने रंगवून देणार असं ठरलं. "अने पगार नहि कापुं," तो मला म्हणाला.

"मला नको. त्याला सांगा."

तो क्षणभर घुटमळला. मग फिटरकडे बघत म्हणाला, "नहि कापुं, जा."

फिटरने माझे आभार वगैरे मानले नाहीत. त्याने पंजांवरचे चारही तुकडे काढले, शेठच्या पसरलेल्या हाताकडे न बघता स्वतःच्या खिशात घातले आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडला, "चलो, पुढची गाडी!"